उत्पलाचा डावा डोळा

डॉ. हेरंब सबनीस यांना मानवी वेदनेचं एकक सापडलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या डाव्या डोळ्यात. विज्ञानाच्या इतिहासात याहून चमत्कारिक जागी याहून मोठ्या गोष्टी सापडल्या आहेत, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या पत्नीलाही नाही. विदुला एवढंच म्हणाली की एककाच्या शोधात घराबाहेर पडावं लागलं नाही, हे सोयीचं झालं. हेरंबने ते कौतुक समजून मान डोलावली.

उत्पलाची अर्धशिशी हा एक सोहळा होता. आधी डावी पापणी जड होऊन खाली यायची. मग डोळा जास्वंदीसारखा लाल व्हायचा आणि त्याला धार लागायची. डावी नाकपुडी चोंदायची, कपाळाच्या नेमक्या अर्ध्या भागावर घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, उठून उभी राहिली की भोवळ यायची, आणि जठर असं संपावर जायचं की दुपारचा वरणभात संध्याकाळी होता तसा बाहेर यायचा. नवऱ्याशी फारकत घेऊन ती भावाकडे कायमची राहायला आली, तेव्हा एक सुटकेस आणि ही अर्धशिशी एवढंच सामान तिच्याबरोबर होतं. ती स्वतः त्यावर विनोद करी. "माझा डोळा म्हणजे नगरपालिकेचा नळ आहे वहिनी. कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आला की कुणाच्या बापाला बंद होत नाही."

विदुलाला या विनोदाचं हसू कधी आलं नाही. नळ आला की हेरंब हातातलं काम टाकायचा, सहाण काढायचा आणि सुंठ उगाळायला बसायचा. लहानपणी आईने लावलेली सवय. एरवी स्वतःचा चहाचा कप न विसळणारा हा माणूस बहिणीच्या कपाळावर लेप लावताना असा हलक्या हाताने वाकायचा, की पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या मूर्तीला गंध लावतोय. पाहणारी विदुला असायची, आणि ती दारातूनच परत फिरायची.

अर्धशिशी विदुलालाही होती. उत्पला या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून, महिन्यातले अर्धेअधिक दिवस. पण ती कोरडी होती. डोळा स्वच्छ, पापणी जागेवर, कपाळ कोरडं. आत कुणीतरी पहारीने उजवी कवटी उचकटत असे, आणि बाहेर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, रुसून बसलेल्या बाईसारखी दिसत असे. हेरंब दारातून डोकावून विचारी, "गोळी घेतलीस ना?" आणि उत्तर मिळण्याआधी निघून जाई.

हेरंबच्या यंत्राचं तत्त्व समजायला अवघड नाही. चेहऱ्याच्या वेदना मेंदूकडे नेणारी एक जाड चेता आहे. वेदनेचा निरोप घेऊन ती मेंदूच्या देठापाशी पोचते, तेव्हा तिथल्या शेजारच्या केंद्रालाही जाग येते. हे केंद्र स्वायत्त मज्जासंस्थेचं. आपल्याला न विचारता हृदय, घाम, अश्रू, बाहुल्या आणि पचन सांभाळणारी जी व्यवस्था आहे, तिचं ते एक ठाणं. तिथून उलटा निरोप गालाच्या हाडामागच्या मज्जातंतूंच्या एका बारीक गाठीतून अश्रुग्रंथीकडे आणि नाकाकडे येतो, आणि माणूस न रडता रडू लागतो. हेरंबने कानशिलावर चिकटवायची एक पट्टी बनवली. ती अश्रूंचं प्रमाण, बाहुलीचा आकार, चेहऱ्याच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक, घाम आणि हृदयाच्या ठोक्यांतली चढउतार सतत वाचून त्यावरून एक आकडा काढी. उत्पलाचा सर्वांत वाईट झटका म्हणजे शंभर. बाकी सारं जग त्याखाली.

मात्र हे शेजारचं ठाणं प्रत्येकाच्या डोक्यात सारख्या कानाचं नसतं. काहींच्यात ते कुजबुजीनेही दचकतं, काहींच्यात आरोळी ऐकूनही झोपून राहतं. आरोळी मात्र तीच असते. ही गोष्ट हेरंबला ठाऊक होती. पण ती त्याने शोधनिबंधाच्या मर्यादांमध्ये एका वाक्यात लिहून टाकली होती, आणि मर्यादा वाचायला कुणाला वेळ असतो.

पट्टी तयार झाली तेव्हा विदुला झटक्यातच होती. त्याने ती तिच्या कानशिलावर लावली आणि आकडा पाहिला.

"नऊ," तो म्हणाला. "भर दुपारी लक्ष्मी रोडवर चक्कर मारली की कुणालाही एवढं होतं."

"मी लक्ष्मी रोडवर गेले नव्हते."

"दुखत नाही असं मी कुठे म्हणतोय? मी म्हणतो, नऊ इतकं दुखतंय."

विदुलाचा व्यवसाय पोथ्यांचा होता. सतराव्या शतकातल्या एका ओवीबद्ध वैद्यकग्रंथाच्या तीस-चाळीस हस्तलिखित प्रती जुळवून त्यांतून मूळ संहिता ठरवायची, हे काम ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत उमेदीच्या वर्षांपासून करत होती. या व्यवसायातलं पहिलं शहाणपण असं, की एका पोथीवरून संहिता ठरवू नये. आणि दुसरं असं, की ज्या पोथीचं अक्षर फार सुरेख, तिच्यावर आधी संशय घ्यावा, कारण वाचणाऱ्याची नजर अक्षरावरच रेंगाळते आणि मजकूर तपासायचा राहून जातो. त्या रात्रीच्या जेवणात तिने नवऱ्याला हे दोन्ही सांगितलं. उत्पला ताटावर मान घालून भेंडी निवडून खात होती.

हेरंबने शांतपणे ऐकून घेतलं. पुढे शेकडो रुग्णांवर पडताळा घेतला आहे, असं तो म्हणाला. तो कसा घेतला हेही विदुलाला ठाऊक होतं. ज्यांचा आकडा तिसाच्या खाली आला त्यांना 'निदान अस्पष्ट' म्हणून अभ्यासातून वगळलं होतं. ज्यांना माप लागत नव्हतं त्यांना मोजणीतून काढलं, आणि मग माप सर्वांना लागतं हे सिद्ध झालं. असं तिने एखाद्या पाठाच्या बाबतीत केलं असतं, तर लोकांनी तिला दारात उभं केलं नसतं.

"एक विचारू?" हेरंब म्हणाला. "तुला उत्पलाच्या दुखण्याचाही हेवा वाटतो का?"

उत्पला उठून पाणी आणायला गेली. विदुला ताटं उचलू लागली, कारण उत्तर हो असं होतं.

दोनेक वर्षांत आकडा घराबाहेर पडला. विमा कंपन्यांना तो आवडला, कारण वेदना हा असा एकच खर्च होता ज्याची पावती नसे. वेदना-रजेचा नियम आला. चाळीसच्या वर आकडा असेल तर माणूस आजारी, खाली असेल तर गैरहजर. आजवर ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं अशा कितीतरी बायकांना त्याने न्यायही मिळाला. वृत्तवाहिन्यांवर त्या रडत रडत हेरंबचे आभार मानत. रडत होत्या म्हणूनच त्यांना न्याय मिळाला होता, हे विदुलाखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संस्थेचे संचालक इनामदार यांनी तिला बोलावून घेतलं, ते फार अवघडून. तिच्या रजा होत्या आणि आकडे नव्हते. नियामक मंडळ आता विचारत होतं, की आवृत्तीचं संपादन एखाद्या नियमित येणाऱ्या माणसाकडे का देऊ नये. "बाई, मी तुम्हाला काय सांगू," ते म्हणाले. "यंत्र तुमच्याच घरचं आहे."

त्या संध्याकाळी तिने हेरंबला संचालकांना एक फोन करायला सांगितलं. फक्त एवढंच सांग, की माझी बायको खोटं बोलत नाही. हेरंबला वाईट वाटलं; ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बायकोसाठी अपवाद केला तर आकड्याला अर्थ काय राहिला, असं त्याने विचारलं, आणि त्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. आवृत्ती गेली तर आयुष्य जाणार होतं, हे खरंच. पण रात्री डोळा लागेना तो त्या कारणाने नव्हे. शेजारी झोपलेल्या या माणसाने मोजता आली नाही म्हणून आपली वेदना कधीच खरी मानली नव्हती, आणि भिंतीपलीकडच्या खोलीतली मात्र न मोजताच मानली होती. मोजमाप नंतर आलं. आधी सुंठ आली होती.

एका खाजगी संग्रहातली पोथी पाहायची असं सांगून ती मिरजेला गेली. पोथी नव्हती, डॉ. चौगुले होते. वरच्या हिरडीतून आत शिरून गालामागच्या त्या गाठीपाशी ते तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवत. जलद विद्युत्स्पंद दिले की काही रुग्णांच्या वेदना थांबत. संथ स्पंदांची सोय फक्त तपासणीपुरती होती, कारण त्याने गाठ उलट चाळवते आणि डोळ्याला धार लागते. ती सोय वापरू नका, असं चौगुल्यांनी दोनदा बजावलं. जलद स्पंदांचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. गालाची सूज दाढ काढल्याच्या नावावर खपली. हेरंबने तिच्या तोंडात डोकावून पाहिलं नाही.

पुढचा झटका आला तेव्हा तिने कानशिलावर पट्टी लावली, त्या यंत्राचा बटणाएवढा नियंत्रक पदराच्या टोकाला बांधला, अंधार केला आणि संथ स्पंद सुरू केले. उजवा डोळा भरून आला. नाक चोंदलं. पापणी पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिची वेदना बाहेर येऊन बसली. पट्टीशी जोडलेलं हेरंबच्या मनगटावरचं यंत्र वाजलं, आणि तो धावत आला. पायांत चपला तशाच होत्या.

"त्र्याऐंशी," तो म्हणाला आणि खाटेच्या कडेला बसला. "विदुला, अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने फक्त कपाळ पुढे केलं.

मग जे दिवस आले ते सुखाचे होते, आणि त्यांची तिला लाज वाटत होती. हेरंब पडदे ओढायचा, कुकरच्या शिट्टीआधी गॅस बंद करायचा, पाय चेपायचा. संस्थेत आकडे जाऊ लागले. इनामदारांनी हात जोडून दिलगिरी व्यक्त केली. अन्नाची चटक लागावी तशी तिला त्या हातांची लागली. दुखणाऱ्या दिवसांवर तिचं भागेना.

एका शनिवारी दुपारी तिचं डोकं अजिबात दुखत नव्हतं. ती टेबलाशी बसून एका ओवीचे पाठभेद लावत होती. पलीकडच्या खोलीत उत्पलाला झटका आला होता, आणि स्वयंपाकघरातून सहाणेचा आवाज येत होता. दगडावर सुंठेचा तो खरखरीत, गोल फिरणारा, न संपणारा आवाज. विदुलाने लेखणी खाली ठेवली. पट्टी लावून खाटेवर जाऊन पडली आणि पदराची गाठ दाबली. जरा थांबून अजून दाबली, उत्पलापेक्षा वर जाईपर्यंत.

आवाज थांबला. पावलं बोळात आली, दोन दारांच्या मध्ये घुटमळली, आणि मग विदुलाच्या दाराकडे वळली. उत्पलासाठी उगाळलेला लेप त्याने विदुलाच्या कपाळाला लावला. तो गार होता, तिखट होता, आणि त्याचा वास वेड लावणारा होता. बर्फ संपलाय असं म्हणत तो बाहेर गेला.

मग भिंत धरत धरत उत्पला आली. तिने डाव्या डोळ्यावर टॉवेल दाबून धरला होता. दारातच टेकून ती उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिली.

"वहिनी, तुमचं डोकं दुखत नाहीये."

"आकडा बघ जा."

"आकड्याचं दादाला सांगा. खरं दुखतं तेव्हा तुम्ही फार नम्र होता. भाजीवाल्याला उपकार झाले म्हणता. मला एकदा अहो उत्पला म्हणाला होतात. आता मघाशी दादावर खेकसलात, लेप डोळ्यात जातोय म्हणून."

विदुला उठून बसली. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"आले तेव्हापासून. घरात दोनच तर माणसं होती बघायला."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. म्हणाला, नम्रता मोजता येत नाही." उत्पलाने टॉवेलची घडी बदलली. "तुम्हाला सांगायला आले असते. पण तुम्ही मला या खोलीत कधी येऊ दिलंत?"

खाली लिफ्टचं दार वाजलं. विदुलाने विचारलं, "आता सांगणार आहेस?"

"नाही," उत्पला म्हणाली. "पण लेप माझा होता." आणि भिंत धरत परत गेली.

कुणी शहाणी बाई असती तर तिला या वेळी गहिवरून आलं असतं. विदुलाला राग आला. इतकी वर्षं तिचा मजकूर कुणीतरी अक्षर न अक्षर वाचत होतं, आणि वाचणारी ही निघाली. नवऱ्याने जे पाहायला हवं होतं तेही या बाईने आधीच पाहून ठेवलं होतं. काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं.

महिन्याभराने हेरंब उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवून घरी आला. राष्ट्रीय मानक ठरवणारी समिती आली होती आणि तिने आक्षेप काढला होता, की एकाच व्यक्तीवर आधारलेलं माप कसं चालेल. त्याने उत्तर शोधलं होतं. "तू आणि उत्पला. दोघींना एकाच वेळी झटका आणायचा आणि दोघींवरून शंभर ठरवायचा. दोन पोथ्या, विदुला. तुझंच म्हणणं खरं ठरलं."

दुसरी पोथी बनावट होती. बनावट पोथ्या करणाऱ्यांविषयी विदुलाने आयुष्यभर जे लिहिलं होतं ते छापण्याजोगं होतं एवढंच, सौम्य नव्हतं. पण शंभर आता आपल्या डोळ्यावरूनही ठरणार आणि उत्पला कदाचित ब्याण्णववर येणार, हा विचार तिच्या मनात आधी आला, आणि तो फार गोड होता. ती हो म्हणाली. प्रयोगाच्या अर्जावर, शरीरात कोणतंही यंत्र बसवलेलं नाही, असंही लिहून टाकलं.

प्रयोगशाळेत दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. काचेपलीकडे समितीची माणसं बसली होती. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध दोघींच्या शिरेतून थेंब थेंब जाऊ लागलं; अर्धशिशी असणाऱ्याला त्याने काही वेळात हुकमी झटका येतो. दोघींच्या मध्ये हेरंब उभा होता, विदुलाच्या खाटेकडे जरा अधिक झुकून. तेवढंही तिच्या ध्यानात आलं.

वेदना आली, आणि आजवरच्या सगळ्या वेदनांना ती पोरकट ठरवून गेली. विदुलाने गाठ दाबली. पडद्यावर दोन आकडे चढू लागले. उत्पलाचा एकाहत्तर, तिचा अडुसष्ट. एकोणऐंशी, ऐंशी. ती पुढे गेली. हेरंबने तिचा हात धरला आणि तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. हात तिचा होता, चेहरा पडद्याचा. त्याला आनंद झाला होता.

हा माणूस आपल्याला मिळालेला नाही, हे तिला त्या पहारीच्या घावांमधल्या एका फटीत लख्ख दिसलं. मिळाला तो या आकड्याला. आणि उद्या हाच आकडा घेऊन कुठल्यातरी कार्यालयात, कोरड्या डोळ्यांच्या कुणा बाईला कुणीतरी सौजन्याने सांगणार होतं, की नऊ इतकं दुखतंय. आकड्यावर सही विदुलाची असणार होती.

तिने गाठ सोडली. नियंत्रक बंद केला आणि चादरीवर सर्वांना दिसेल असा ठेवला.

आकडा उतरू लागला. साठ, पस्तीस, सतरा. नऊवर येऊन थांबला. वेदना जिथे होती तिथेच होती, किंबहुना औषध अजून चालूच असल्याने वाढत होती.

"अश्रू याचे होते," ती म्हणाली. एकेक शब्द तिला उचलून ठेवावा लागत होता. "मिरजेला बसवून घेतलं. दुखणं माझं आहे. ते आत्ता जितकं दुखतंय तितकं कधी दुखलं नव्हतं. हेरंब, माझ्याकडे बघ आणि सांग, किती."

काचेपलीकडे कुणीतरी उभं राहिलं. हेरंबने आधी नियंत्रकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग तो तिच्यावर वाकला. त्याचे हात इतक्या हलकेपणाने कपाळाकडे आले, की तिने डोळे मिटले. त्या एका श्वासाएवढ्या वेळात तिने त्याला सगळं माफ केलं.

त्याने कानशिलावरची पट्टी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"नऊ," तो म्हणाला.

शेजारच्या खाटेवरून फाटल्यासारखा एक आवाज आला. उत्पलाने आपल्या कानशिलावरची पट्टी उपटून काढली होती. पडद्यावरचा तिचा आकडा क्षणभर लुकलुकला आणि शून्य झाला. तिची पापणी पडलेली होती, डोळ्यातून धार वाहून उशी भिजली होती, ओठ निळे पडले होते.

"आता माझंही काही दुखत नाही, दादा," ती म्हणाली.

हेरंब दोन खाटांच्या मध्ये उभा राहिला. पाहायला आता दोन चेहऱ्यांखेरीज काही उरलं नव्हतं, आणि कुठल्या चेहऱ्याकडे आधी पाहावं हे सांगणारं त्याच्याजवळ काही नव्हतं. विदुला त्याची वाट पाहत होती. आणि वाट पाहता पाहता, डोकं फुटत असताना, तिला शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फार, फार हेवा वाटला. हेही आपल्याला न सुचता तिलाच सुचावं.